आठवा म्हणायचं नाही

माझ्या मुलाचं वय माझ्या आईनं तो जन्मायच्या आधीच एका महिन्यानं कमी करून टाकलं. आदिलाबादच्या दवाखान्याच्या दारात मी स्ट्रेचरवर पडले होते. बीपी चढलेलं, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे काजवे. टेबलामागच्या माणसानं विचारलं, कितवा महिना? मी तोंड उघडायच्या आत आईनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि मोडक्या हिंदीत ठणकावून सांगितलं, "सातवाँ." मी 'आठवा' म्हणायला गेले, तर दंडावरच्या हाताचा चिमटा झाला. त्या माणसानं माझ्याकडं पाहिलंही नाही. अडलेल्या बाईला काय कळतं, तिच्यासोबतची थोरली बाई सांगते तेच खरं, असा एकूण कारभार. त्यानं सात लिहिले आणि मला आत नेलं.

चिमटा कशाचा, ते मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या भागात शेंबड्या पोरीलाही माहीत असतं की सातव्या महिन्यात झालेलं लेकरू जगतं आणि आठव्यातलं जगत नाही. का जगत नाही, हे कोणी सांगत नाही. महिनाभर जास्त पोटात राहिलेलं लेकरू उलट जास्त दमाचं असणार, हे कोंबडीखालची अंडी पाहिलेल्या कुणालाही कळायला हवं. पण आमच्याकडं तो शब्दच तोंडातून काढत नाहीत. पोटुशीला आठवा लागला की बाया नुसतं 'सात सरले' म्हणतात, आणि नववा लागला की बोलायला मोकळ्या होतात.

मी तिथवर पोचले तेही याच थाटात. माझं घर मंचेरियलला. सासरचे मूळचे तलमडुगूकडचे, पण सासऱ्यांना कोळशाच्या खाणीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडं गेलं. आता नवरा त्याच खाणीत आहे. माझं माहेर मात्र अगदी दुसऱ्या टोकाला, भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेकाठचं गाव. मंचेरियलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बीपी आहे, इथंच राहा, दवाखाना हाकेवर आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम डॉक्टरीणबाईंपेक्षा जुना. ओटी भरली, हातात हिरवा चुडा भरला आणि मला जीपमध्ये घालून दिवसभर हादरे देत माहेरी आणून सोडलं. जिथं दवाखाना आहे तिथून पोटुशी बाईला उचलायचं, जिथं नाही तिथं नेऊन ठेवायचं, आणि याला लाड म्हणायचं. थोड्याच दिवसांत माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली आणि भावानं पेरणी टाकून मला आदिलाबादला आणलं. म्हणजे नवऱ्याचं घर एकीकडं, आईचं घर दुसरीकडं आणि मी दोन्हींच्या मधे, जिथं आपलं असं एक मडकंसुद्धा नाही.

मुलगा ऑपरेशननं झाला. मी नीट शुद्धीवर आले तेव्हा तो काचेत होता. आमच्याकडं असंच म्हणतात, लेकरू काचेत ठेवलंय. सगळ्यांना आधी ते विचारायचं असतं, काचेत हाय का बाहेर.

काचेच्या वॉर्डात जायचं तर चपला बाहेर, कोपरापर्यंत साबणानं हात, अंगावर दवाखान्याचा गाऊन, आणि हातात काही म्हणजे काही नको. मोठ्या सिस्टरनं माझा चुडा बघितला आणि 'काढा' म्हणाली. सुजलेल्या हातातून तो निघेना, तेव्हा साबण लावून एकेक बांगडी उतरवावी लागली. बाहेर पायऱ्यांजवळ चटईवर बसलेल्या आईनं माझे भुंडे हात पाहिले आणि दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. जणू मी ते हौसेनं केलं होतं.

आत मी पहिल्यांदा त्याला पाहिलं. फार लहान होता. बीपी असलं की बाळ पोटात वाढत नाही, असं मला मंचेरियललाच सांगितलं होतं, म्हणून मला नवल वाटलं नाही. तोंडातून पोटात एक बारीक नळी गेली होती. माझं दूध मी वाटीत पिळून द्यायचं, सिस्टर ते नळीतून सोडणार. आणि तो त्या नळीला चोखत होता. जीभ वर आणत होता, ओठ मिटत होता, परत उघडत होता. गालाला माझं बोट लागलं तर मान वळवून बोट शोधत होता. मी सिस्टरला म्हटलं, याला पाजून बघू का?

मोठी सिस्टर आदिलाबादचीच होती. बोलायची तेलुगूत, पण मराठी सगळी समजायची. ती म्हणाली, अम्मा, सात महिन्यांचं बाळ आहे. त्याला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं, तिन्ही एकत्र जमत नाही. दूध छातीत गेलं तर काय करशील? महिनाभर तरी नळीच.

मी म्हटलं, सात नाही, आठ सरत आलेत.

तिनं माझं गरोदरपणाचं कार्ड दाखवलं. कार्डावरही सातच निघत होते. कारण तेही आमच्याच घरातलं. दिवस राहिल्यावर तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून नाव उशिरा नोंदवलं, आणि तो उशीर झाकायला सासूबाईंनी नाव नोंदवायला आलेल्या बाईला शेवटच्या पाळीची तारीख एक महिना पुढची सांगितली होती. तेव्हा मी मुकाट बसले होते, नवी सून काय बोलणार. पुढं सोनोग्राफी झाली तर बाळ लहान, म्हणजे कार्डाशी जुळणारं. म्हणजे कार्ड खरं, आई खरी, सोनोग्राफी खरी, आणि जिच्या पोटात तो होता ती एकटी खोटी.

"तुझी आई सात सांगते," सिस्टर म्हणाली. "तू तेव्हा शुद्धीवर होतीस का?"

मी शुद्धीवर होते. पण बीपी चढलेल्या बाईनं 'मी शुद्धीवर होते' म्हटलं की तिच्यावर अजूनच कमी विश्वास बसतो.

बाहेर येऊन मी आईला म्हटलं, "माय, पाळी चुकली तवा तुले म्या पह्यल्या दिवशीच फोनवर सांगतलं होतं. तुले माईत हाय. जाऊन सांग ना सिस्टरले."

"काय सांगू?"

"आठवा सांग."

तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग पदरानं माझं तोंड पुसावं तसं केलं, पण खरं तर तोंड दाबलं. "हळू बोल. लेकरू आत हाय," ती म्हणाली. जणू तो काचेतून कान देऊन ऐकत होता आणि स्वतःचा महिना कळला की मरायचा बेत करणार होता.

दोन दिवसांनी मंचेरियलहून सासूबाई आल्या. मला वाटलं, आता सुटले. सासूबाई बोलायला खमक्या. खाणीच्या कॉलनीत राहून तेलुगू अशी शिकलेल्या की बाजारात भाजीवाल्याला त्याच्याच भाषेत रडवतील. शिवाय माझी पाळी कधी चुकली हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? एकाच घरात राहायचो. त्यांनी डॉक्टरांना दोन वाक्यं सांगितली असती तर काम झालं असतं.

त्यांनी आल्या आल्या दुसरंच काम हाती घेतलं. "इहीणबाई, आमची सून चांगली होती. तुमच्याकडं आली आन् हे झालं."

आई कशाला ऐकते. "तुमच्याकडंच पाय सुजले होते तिचे. कोळशाच्या धुरात कोण सुखी राह्यते?"

झालं. त्या दिवसापासून दोघींच्या दोन चटया. पायऱ्यांच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला सासूबाई, मधून सगळ्या दवाखान्याची ये-जा. आई ज्वारीची भाकर आणि लसणाची चटणी पाठवायची, सासूबाई म्हणायच्या, ओल्या बाळंतिणीला तिखट कशाला, वरणभात खा. सासूबाईंनी पाण्याची बाटली दिली की आई म्हणायची, गार पाणी पाजून पोरीले वात करता का. मी दोघींचं खायची, कारण दूध हवं होतं. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, खारीक, खोबरं, माझ्या पोटात एवढं गेलं की माझंच दुसरं बाळंतपण व्हायचं बाकी होतं. दूध यावं म्हणून दोघी जिवाचं रान करत होत्या, आणि ते दूध लेकराच्या तोंडात थेट जाऊ नये याचीही सोय त्याच दोघींनी केली होती. यावर रडावं का डोकं आपटावं ते मला कळत नव्हतं.

कारण सासूबाईसुद्धा सातच म्हणाल्या. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं की डॉक्टरांना खरी तारीख सांगा, तर त्या माझ्या आईसारख्याच इकडंतिकडं पाहायला लागल्या. "सातवा बरा असते," त्या म्हणाल्या. जगातल्या एकाही गोष्टीवर त्या दोघींचं जमत नव्हतं. माझ्या खाण्यावर नाही, बाळाच्या रंगावर नाही, तो कुणासारखा दिसतो यावर तर मुळीच नाही. फक्त या एका खोट्यावर दोघींची अळीमिळी गुपचिळी होती.

उरला नवरा. त्याला सुट्टी मिळाली तसा तो रात्रीच्या गाडीनं आला, लाल डोळ्यांनी व्हरांड्यात उभा राहिला. बापांना आत सोडत नाहीत. काचेच्या वॉर्डाच्या दाराला एक चौकोनी काच आहे, तिथून त्याला कापडात गुंडाळलेलं गाठोडं दाखवलं. तो बराच वेळ तिथंच उभा होता. मग मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही सांगा डॉक्टरांना. तुम्ही बाप आहात, पुरुष आहात, तुमचं ऐकतील.

"काय सांगू मी?"

"माझी पाळी कधी आली होती शेवटची ते."

तो एवढा दचकला की मीच मागं पाहिलं, कोणी आलं का. "असं काई बोलू नोको ना इथं," तो म्हणाला. "मले काय माईत त्यातलं? आन् आईसमोर म्या हे बोलू का? डॉक्टर सांगते तसं कर. त्यायले जास्त समजते." पाचशे फूट जमिनीखाली उतरणारा माणूस. तिथं छत अंगावर येईल याची भीती नाही, आणि बायकोच्या पाळीचं नाव काढायला त्याची जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी तो ड्युटीला परत गेला. जाताना केळी घेऊन दिली.

मला राग येत होता तो नुसत्या हट्टाचा नव्हता. माझं दूध कमी होत होतं. हातानं पिळून दूध किती दिवस टिकेल? लेकरानं ओढलं तर येतं, वाटीला काय पान्हा फुटणार. सुरुवातीला वाटी अर्धी भरायची. मग तळ भरायचा. मग एका दुपारी मी घामाघूम होईपर्यंत दाबत बसले आणि वाटीचा तळ नुसता ओला झाला. सिस्टर वाईट नव्हती. ती म्हणाली, राहू दे अम्मा, आजच्याला पावडरचं देऊ. पण आजच्याला दिलं की उद्याला पण देतात, आणि मग पिळायला काही उरत नाही. तो महिनाभर नळीवर राहिला असता तर माझं दूध तोवर आटून गेलेलं असतं, हे मला दिसत होतं. पावडर सोसली नाही म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईचं लेकरू पोट फुगून पडलेलंही मी पाहिलं होतं. आणि मधल्या वेळेत तो माझ्यासमोर, हातभरावर, नळी चोखत पडलेला. त्याला जे येत होतं ते त्याला करू देत नव्हते, कारण त्याचा महिना अशुभ होता.

डॉक्टर तरुण बाई होती, वरंगळकडची असावी. आठवड्यातून एकदा ती घरच्यांना आत बोलवून बाळाची तब्येत सांगायची. त्या दिवशी मी दोघींनाही बोलवायला लावलं. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. डॉक्टरबाई हिंदीत बोलत होती, मधे तेलुगू. श्वास बरा आहे, वजन थोडं घटलं आहे, सात महिन्यांचं आहे म्हणून नळी काढायची घाई नको. दोघी मुंड्या हलवत होत्या. सात म्हटलं की दोघींच्या चेहऱ्यावर कसं समाधान पसरायचं, ते मला अजून दिसतं.

मी पुन्हा म्हटलं, मॅडम, आठ. डॉक्टरबाई थकलेल्या आवाजात म्हणाली, अम्मा, तुझ्या घरचे सगळे एक सांगतात, कार्ड एक सांगतं, आणि तू रोज वेगळं सांगतेस.

माझं डोकं फिरलं. आता भांडून उपयोग नव्हता, भांडण मी रोज करत होते. मी सासूबाईंकडं वळले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आत्याबाई, गेल्या दिवाळीच्या चकल्या कोणी तळल्या?"

हे मी काय विचारलं ते आधी सांगते. आमच्या घरी पाळी आलेल्या बाईनं चार दिवस बाजूला बसायचं, स्वयंपाकघरात पाऊल नाही. मी ऐन दिवाळीत बसले. चकल्या, करंज्या, अनारसे, सगळं सासूबाईंना एकटीनं करावं लागलं, आणि ते त्यांनी कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं. कॉलनीतल्या बायांना, दूधवाल्याला, माझ्या नणंदेला फोनवर, माझ्या आईला ओटीभरणात. त्या दिवाळीनंतर मला पाळी आलीच नाही. एवढी पक्की तारीख कॅलेंडरवाल्यालाही छापता आली नसती.

सासूबाई भडकल्या. "कोणी म्हणजे? म्या तळल्या. एकटीनं. तुले काय, तू बसली होती बाजूले पाय पसरून." पण मला ऐकवून त्यांचं समाधान होईना. एवढी शिकलेली बाई समोर उभी आणि तिला हे ठाऊक नाही, हे त्यांना सोसलं नाही. त्या डॉक्टरबाईंकडं वळल्या आणि अस्सल तेलुगूत सुरू झाल्या. ऐन सणात सून कशी बाजूला बसली, पाहुणे कसे दारात, कढई केवढी, यांची कंबर कशी धरली, आणि चार दिवसांत हिनं एका भांड्यालासुद्धा कसा हात लावला नाही.

डॉक्टरबाईंनी त्यांना मधेच थांबवलं. "दिवाळीला तिला पाळी आली होती? आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कुठली? त्यानंतर तर दिवस..." सासूबाई बोलता बोलता गप्प झाल्या. पण बोलून तर बसल्या होत्या.

डॉक्टरबाई बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. मोठी सिस्टर भिंतीकडं तोंड करून हसत होती. आईला तेलुगूतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण 'दीपावळी' कळलं, आणि मोजणारी बोटं कळली. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि कुणाकडं न पाहता बाहेर निघून गेली.

डॉक्टरबाई चिडली, आणि तिचं चिडणं मला पटलं. दारात खोटं सांगता, कार्डावर खोटं लिहवता, मग आम्ही काय अंदाजानं चालवायचं का? मग ती बाळाजवळ गेली. त्याचे तळपाय उलटे करून रेषा पाहिल्या, कानाची पाळी दुमडून सोडली, मान धरून उठवून पाहिली. स्वतःच्या हातमोज्याचं बोट त्याच्या तोंडात दिलं. तो लगेच तुटून पडला. तिनं बोट हळूच सोडवून घेतलं. म्हणाली, हे आधीच पाहायला हवं होतं. ते तिनं मला सांगितलं का स्वतःला, कोण जाणे. पण लगेच पाजू दिलं नाही. पुढच्या वेळेला बघू, सिस्टर समोर पाहिजे. एवढं सगळं होऊनही पुढची वेळ. दवाखान्यात माझ्या वाट्याला आलेलं प्रत्येक सुख हे पुढच्या वेळेचं होतं.

पुढच्या वेळी त्यांनी त्याला माझ्या छातीशी दिला. सिस्टरनं एका हातानं त्याची मान धरली, दुसऱ्यानं मला. माझं दूध येईल का, याचीच मला धास्ती होती. त्यानं धरलं, सुटला, परत धरलं. मग ओढायला लागला, चार घोट आणि थांबा, चार घोट आणि थांबा, श्वास घ्यायला बरोबर थांबत होता. दुसऱ्या बाजूनंही दूध आपोआप गळायला लागलं, गाऊन ओला झाला. मी रडले. आनंदानं तर रडलेच, पण रागानंही रडले. एवढंच होतं. इतके दिवस एवढंच होतं.

बाहेर आले तर सासूबाईंनी तोंड फिरवलं. आपल्याच तोंडून अशुभ निघालं, हे त्यांना लागलं होतं. मी मात्र आज कुणालाही सोडणार नव्हते. आई चटईवर नव्हती, आणि तासाभरानंही आली नाही. शोधत गेले तर मागच्या नळाजवळ सापडली. माझा लुगड्याचा तुकडा धूत बसली होती, जो आधीच धुतलेला होता.

"पेला," मी म्हटलं. "तुह्या सातव्या महिन्यातला नातू आठव्या महिन्यातल्या पोरासारखा दूध पेला. आता सांग, तू काऊन खोटं बोलली?"

ती तुकडा घासत राहिली. मी थांबले नाही. मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्या भीतीपायी माझं लेकरू उपाशी राहिलं, त्याचं वजन तुझ्यामुळं उतरलं, शहाण्या डॉक्टरनं तुझ्यावर विश्वास ठेवला ही तिची चूक. चार बाया नळावर होत्या, त्या हळूच भांडी उचलून निघून गेल्या.

"आठवा म्हटलं की कोणी हात लावत नाई," आई शेवटी म्हणाली.

"हे डॉक्टर हायेत, माय. यायले आठवा न् दहावा काई नसते."

"तवाबी सुईण होती. चांगली होती. तिनंबी नाई लावला."

मला आधी कळलंच नाही ती कधीचं बोलतेय. मग तिनं सांगितलं, नळ बंद न करता, पाण्याकडं पाहत. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. गावातच, घरात, आठव्यात. सुईणीनं महिना विचारला आणि माझ्या आजीनं सांगितला. मग सुईणीनं नाळ कापली, लेकराला फडक्यात घेतलं आणि सुपात ठेवलं. हे राहायचं नाही, म्हणाली, माया लावू नका. अंगाशी घ्यायचं नाही, पाजायचं नाही, म्हणजे आईला त्रास होत नाही. पोरगी सकाळी झाली होती. दुपार कलेपर्यंत रडत होती.

एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिली, असंच मला माहीत होतं. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत, पहिली मुलगी.

"अशक्त होती का?" मी विचारलं. अजून रागच होता आवाजात, तो इतक्या लवकर कुठं जाणार.

"मले नाई वाटत," आई म्हणाली. "आवाज चांगला होता. म्या मनलं, सासूनं सातवा सांगतला असता तं कोणीतरी पाजू देल्लं असतं." तिनं तुकडा पिळला, झटकला, परत पाण्यात घातला. "मले लय दूध आलं होतं. लुगडं भिजून गेलं होतं समदं."

मी तिच्यावर ओरडायचं ठरवून आले होते आणि निम्मं अजून बाकी होतं. ते आता कुणावर काढायचं, ते मला कळेना. आजीवर काढावं तर ती जाऊन किती वर्षं झाली, आणि सुईण कोण ते नावही मला ठाऊक नव्हतं.

"ती रडत होती तवा तू कुठं होती?" मी विचारलं.

"बाजेवर."

"आन् सूप?"

"बाजेपाशीच," आई म्हणाली. "हात पुरला असता."

आतून सिस्टरनं दुधाच्या वेळेची हाक दिली. मी तशीच उभी होते. आईनं ओल्या हातानं माझ्या गाऊनची सुटलेली नाडी बांधली आणि मला दाराकडं ढकललं. "जाय," ती म्हणाली. "उशीर नोको करू."